टोमो घ्यावा, की आधी सुईची सोय करावी?

पांढरा ठिपका (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. या विभागात बहुतेक धागे शुगर-बीपीचे असतात, त्यात हा जरा आडवा विषय. मी सोलापुरात रेडिओलॉजी करतो. होटगी रोडला छोटं सेंटर आहे: सोनोग्राफी, एक्स-रे आणि टूडी डिजिटल मॅमोग्राफी. मॅमोचं मशीन आता म्हातारं झालंय. ट्यूब बदलायची की अख्खं मशीन, अशा टप्प्यावर आलोय. तीन महिने झाले, कंपन्यांची माणसं खेपा घालतायत आणि सगळ्यांचं पालुपद एकच: "सर, आता टूडी कोण घेतं? टोमो घ्या, वर एआय देतो." कोटेशन कोटीच्या पुढचं.

ज्यांना टोमो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मॅमोग्राफीत स्तन दाबून धरतात आणि प्रत्येक बाजूचा एक सरळ, एक तिरका असे चार फोटो काढतात. आतलं सगळं एकावर एक चढलेलं दिसतं. टोमोसिंथेसिसमध्ये ट्यूब कमानीत फिरते (कुणाची १५ अंशांत, कुणाची ५०) आणि कमी डोसच्या बऱ्याच फोटोंतून संगणक एकेक मिलिमीटरचे काप रचतो. घडी घातलेली चादर वरून बघायची की एकेक पदर उलगडून बघायची, एवढा फरक. सोलापूरचा आहे, चादरच आठवणार.

आता माझी अडचण. दोन पेशंट डोक्यातून जात नाहीत.

पहिल्या बाई ४६ वर्षांच्या, नुसतं दुखतंय म्हणून आलेल्या. स्तन अतिघन, बायरॅड्सच्या (मॅमो रिपोर्टच्या ठरलेल्या वर्गवारीच्या) भाषेत 'डी', म्हणजे फोटो सगळा पांढराफटक. सोनोमॅमो (मॅमो आणि सोनोग्राफी दोन्ही) केली, काही दिसलं नाही, नॉर्मल म्हणून रिपोर्ट दिला. अकरा महिन्यांनी त्याच बाई गाठ घेऊन आल्या. मी जुना फोटो काढून बसलो. डाव्या बाजूच्या तिरक्या फोटोत वरच्या कोपऱ्यात चार-पाच रेषा एका बिंदूकडे ओढल्या गेल्या होत्या. कापडातला एखादा धागा ओढला की आजूबाजूची वीण कशी चुणते, तसं. आता माहीत असल्यामुळे दिसत होतं. तेव्हा नजर त्याच्यावरून गेली आणि थांबली नाही. ही असली चुणी, आमच्या भाषेत आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन, टोमोत सगळ्यात चांगली पकडली जाते. म्हणजे टोमो असता तर दिसलं असतं? बहुतेक हो.

दुसऱ्या बाई अक्कलकोट रोडच्या पुढे राहतात, विड्या वळतात. पहिल्या प्रसंगानं पोळलेला मी, त्यांना टोमोसाठी पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आला: उजवीकडे डिस्टॉर्शन, फक्त टोमोतच दिसतंय, टोमोवर बघून बायोप्सी करा. मी अर्धा तास प्रोब फिरवला, सोनोग्राफीत काही सापडेना. सोनोग्राफीत दिसलं तरच माझी सुई तिथे जाते. त्यांना परत पुण्याला जायला सांगितलं. एका खेपेचा रोज बुडालेला, दुसऱ्यांदा गेल्याच नाहीत. चार फोन केले. नवरा म्हणाला, "हाताला तर काय लागत नाही की साहेब." नेमकं काय आहे तिथे, ते आजही कळलेलं नाही.

पहिला पेशंट म्हणतो टोमो घे. दुसरा म्हणतो, घेऊन काय करशील? वापरणाऱ्यांनी खरं सांगा. ब्रोशर माझ्याकडे ढीगभर आहेत.

चाकू सुरी

सर्जन आहे, त्यामुळे कमी बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका गाठ घेऊनच येतात, ती गाठ माझ्या आधी त्यांच्या सासूला लागलेली असते. मी 'सोनोमॅमो' लिहितो, ट्रूकट (जाड सुईची बायोप्सी) करतो, काम सुरू. टोमोनं माझ्या टेबलावर काय बदलणार ते आधी सांगा.

मुळा मुठा

पुण्यात टोमो रोज वाचते, चार वर्षं झाली. मला विचाराल तर परत टूडीवर जाणार नाही. पण कंपनीवाले जे सांगत नाहीत ते सांगते.

आधी जमेची बाजू. अमेरिकेत २०११ साली टोमोला मान्यता मिळाली. २०१४ मध्ये तिथल्या १३ केंद्रांचा साडेचार लाखांहून जास्त तपासण्यांचा अभ्यास आला. हजार बायकांमागे परत बोलावण्याचं प्रमाण १०७ वरून ९१ वर आलं आणि सापडलेले कर्करोग ४.२ वरून ५.४ झाले. परत बोलावणं कमी आणि सापडणं जास्त, हे एकाच वेळी होणं दुर्मीळ असतं. एरवी एक वाढलं की दुसरंही वाढतं.

आता खर्चाची बाजू, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. वाचायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आधी चार फोटो बघायचात, आता काप स्क्रोल करत बसायचं. पहिले चार-सहा महिने मला प्रत्येक काप संशयास्पद वाटायचा, जिथे-तिथे चुण्या दिसायच्या. माझा परत बोलावण्याचा आकडा आधी वाढला, मग कुठे उतरला. बारीक कॅल्सिफिकेशनच्या (कॅल्शियम साचून झालेल्या ठिपक्यांच्या) बाबतीत तर टोमोचे काप फसवतात. एकाच गुच्छातले ठिपके वेगवेगळ्या कापांत विखुरतात. तिथे टूडी फोटो किंवा त्याच कापांतून संगणकानं बनवलेला सिंथेटिक टूडी लागतोच. सिंथेटिक घेतला तर डोस दुप्पट होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

आणि तुमच्या दुसऱ्या पेशंटबद्दल: टोमोवर बायोप्सी करायची जोडणी वेगळी विकतात. कोटेशनमध्ये तळाला 'ऑप्शनल' म्हणून असते. बघा.

पांढरा ठिपका

बघितलं. खरंच तळाला आहे, आणि तीन कोटेशनपैकी दोघांत नाहीच. विचारलं तर म्हणाला, "सर, ते सोलापूरला कुणी घेत नाही."

जुनी फिल्म

ठिपकेराव, आम्ही एका बाजूला इमल्शन असलेली फिल्म डार्करूममध्ये धुऊन मॅमो वाचलेली पिढी. धुळीचा कण पडला की कॅल्सिफिकेशन समजून भिंगाखाली धरायचो. त्यामुळे नव्याचा मला राग नाही. डिजिटल आलं तेव्हाही लोक म्हणायचे, फिल्मची सर नाही. मग २००५ मध्ये फिल्म आणि डिजिटलची तुलना करणाऱ्या डीमिस्ट अभ्यासाचा निकाल आला, ४९ हजारांवर बायका, आणि एकूणात दोन्ही सारखेच निघाले. पण पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या आणि घन स्तनांच्या बायकांत डिजिटल सरस. आपल्याकडे येणाऱ्या बायका बऱ्याचशा त्याच गटातल्या. तो निकाल आपल्यासाठीच होता म्हणा ना.

पण 'वर एआय देतो' हे ऐकलं की कान टवकारतात. संगणक खुणा करणार, हे १९९८ पासून ऐकतोय. तेव्हा त्याला कॅड म्हणत. अमेरिकेत घरोघर पोचलं, कारण तिथे त्याचे वेगळे पैसे मिळायचे. २००७ मध्ये अभ्यास आला की कॅड असलेल्या ठिकाणी अचूकता कमीच झाली. २०१५ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला, फायदा शून्य. प्रत्येक तपासणीवर चार खुणा पडायच्या, जवळजवळ सगळ्या फुकट. माणूस खुणा बघायचा सोडून देतो, मग पाचवी खरी असली तरी.

चाकू सुरी

काका, कॅड आणि आताचं एआय एकच नाही हो.

जुनी फिल्म

नाही ना. पण विकायला येणारा मुलगा तोच आहे.

मुळा मुठा

काका, विकणारा तोच, मान्य. तरी स्वीडनचा मासाई अभ्यास बाजूला नाही टाकता येत. २०२३ मध्ये पहिले आकडे आले. ८० हजारांवर बायका, चिठ्ठी टाकून दोन गट. एआयच्या मदतीनं हजारी ६.१ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीनं ५.१, आणि वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी.

पांढरा ठिपका

हाच आकडा मला दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पण हे ४४ टक्के आले कुठून? स्वीडनमध्ये प्रत्येक मॅमो दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. एआयनं सांगितलं की ही कमी जोखमीची, तर एकानंच वाचायची. म्हणजे दोनातला दुसरा वाचला. इथे मुळात मी एकटा. माझं वाचन कमी केलं तर वाचणार कोण, रिसेप्शनिस्ट?

आणखी एक. तिथल्या बायका निरोगी असतात, पत्र आलं म्हणून ठरल्या तारखेला येतात. माझ्याकडच्या दहातल्या सात-आठ काहीतरी हाताला लागलं म्हणून येतात. हजारी सहा वगैरे हिशेब माझ्या रजिस्टरला बसतच नाही. एआयचा मला उपयोग झालाच तर उलटा होईल: दुसरा वाचणारा नाहीये, तो तू हो. रात्री नऊला चाळिसावा रिपोर्ट करताना शेजारी बसलेला कुणीतरी. तेवढ्यासाठी घेईन. काम कमी होईल म्हणून नाही.

व्होल्टेज

बायोमेडिकलवाला आहे, सोलापूर-लातूर पट्टा फिरतो. डॉक्टर लोक काप आणि आकडे बघतात, मी खोली बघतो. सर, तुम्ही घेताय त्या मशीनचा डिटेक्टर (फोटो टिपणारी पाटी) कशाचा आहे, विचारलंत का? सेलेनियमचा असेल तर खोली थंड लागते. पेशंट असताना नाही, चोवीस तास, रविवारीसुद्धा. तापमान वर गेलं की सेलेनियमचं स्फटिकीकरण सुरू होतं आणि मग फोटोवर असे डाग येतात की तुम्ही त्यालाच बायरॅड्स देत बसाल. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ असतं. शनिवारी रात्री लाइट गेली, एसी परत चालू व्हायचा राहिला, सोमवारी सकाळी टाळा उघडलात की खोली भट्टी झालेली. एका ठिकाणी असं झालेलं मी स्वतः पाहिलंय. डिटेक्टर वॉरंटीत बसला नाही, कारण तापमानाची नोंदच ठेवली नव्हती.

दोन एसी, आलटून-पालटून चालणारे. खोलीत एक साधा तापमानाचा रेकॉर्डर. आणि सीएमसी (देखभालीचा सर्वसमावेशक करार) करताना डिटेक्टर आणि ट्यूब दोन्ही आत आहेत असं लेखी घ्या. 'सगळं कव्हर आहे सर' हे तोंडी असतं. साठवणुकीचंही आत्ताच बघा. टूडीची एक तपासणी आणि टोमोची एक यांत कित्येक पटींचा फरक आहे. तुमचा सध्याचा सर्व्हर वर्षभरात हात वर करेल.

आरोग्य शिबिर

भगिनींनो, आता मॅमोग्राफीची वेदना नको! स्पर्शाविना, दाबाविना, रेडिएशनविना थर्मल तपासणी, अवघ्या दहा मिनिटांत. शिबिराच्या नोंदणीसाठी

मुळा मुठा

संपादक, हा प्रतिसाद उडवा. वाचणाऱ्यांसाठी: मॅमोग्राफीऐवजी थर्मोग्राफी करू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (औषध-उपकरण नियामकानं) एकदा नाही, अनेकदा दिलाय.

टेक्निशियनताई

मी मॅमो काढते, एकोणीस वर्षं. सगळे मोठे लोक बोलून झाले म्हणून लिहिते. फोटो चांगला आलाच नाही तर टूडी काय नि थ्रीडी काय. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर मागचा भाग राहिला. पेशंट खांदा वर धरून ठेवतात, लाजतात, अंग चोरतात. खांदा सैल होईपर्यंत मी बोलत बसते. जेवण झालं का, पोरं कितीला.

टोमोत फरक एवढाच की ट्यूब फिरते तोवर हलायचं नाही. काही मशीनला चार सेकंद, काहींना पंचवीस. पंचवीस सेकंद दाबलेल्या अवस्थेत नुसतं उभं राहून बघा एकदा! पूर्वभागातल्या बायकांना मराठीत 'श्वास रोखा' सांगितलं तर मोठ्ठा श्वास घेतात, फोटो हलतो. तेलुगूत 'ऊपिरि बिगपट्टंडी' म्हटलं की थांबतात. अक्कलकोटकडच्यांना कानडीत 'उसिरु हिडकोळ्ळी'. हे कुठल्याच कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. अ‍ॅप्लिकेशनवाला येतो, दोन दिवस इंग्रजीत शिकवतो, जातो.

आणि पावडर! उन्हाळ्यात काखेत पावडर, डिओ लावून येतात. फोटोवर बारीक पांढरे ठिपके. आधी ओल्या कापडानं पुसून घेते मी. सर, एआयला पावडर कळते का?

पांढरा ठिपका

ताई, कळत असेल असं धरून चालू नका, कापड हाताशी ठेवा. 😀 आणि पंचवीस सेकंदांचा मुद्दा मी डेमोत स्वतः घड्याळ लावून बघणार.

पार्क चौक

काय करलालास बे ठिपक्या, कोटीचं मशीन? तेवढ्यात दोन फ्लॅट येतात की विजापूर रोडला.

शेंगाचटणी

मी पेशंट म्हणून लिहितेय. गेल्या महिन्यात मॅमो केली, रिपोर्टमध्ये 'हेटरोजिनियसली डेन्स' आणि खाली बायरॅड्स २. डॉक्टर म्हणाले काही नाही. मी मात्र रात्री मोबाइलवर डेन्स म्हणजे काय ते वाचत बसले आणि झोप उडाली. आता हा धागा वाचून वाटतंय की माझं टूडी वाया गेलं. पुण्याला जाऊन टोमो करू का? एमआरआय?

मुळा मुठा

ताई, आधी श्वास घ्या. (रोखू नका.) घनता हा आजार नाही, पोत आहे. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायकांचे स्तन या घन गटांत मोडतात. तुमचा वर्ग 'सी', अगदी शेवटचा 'डी' नाही. बायरॅड्स २ म्हणजे जे दिसतंय ते निरुपद्रवी. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला घनता कळवणं सक्तीचं झालंय. आपल्याकडे ते नुसतं रिपोर्टच्या इंग्रजीत पडून राहतं आणि मग रात्री मोबाइल उघडला जातो. यात चूक आमची आहे, तुमची नाही.

एमआरआयचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये अतिघन म्हणजे 'डी' गटातल्या बायकांवर डेन्स नावाची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. नॉर्मल मॅमोनंतर, पुढच्या तपासणीच्या आतच उगवणारे कर्करोग एमआरआयला बोलावलेल्या गटात हजारी २.५, इतरांत ५. फायदा खरा आहे, पण तो त्या गटासाठी. तुमच्या घरात आई-बहिणीला कर्करोग झालाय का, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना आधी विचारू द्या. सोनोग्राफी झाली असेल तर आत्ता धावपळ नको. काही नवीन लागलं, स्तनाग्र आत ओढलं गेलं, स्राव आला तर मात्र त्याच आठवड्यात दाखवायचं.

ठिपके, तुम्हाला एक: कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीचा विचार करा. शिरेतून आयोडीन, मग दोन ऊर्जांवर फोटो, संगणक वजाबाकी करतो. रक्तपुरवठा वाढलेली जागा उजळते. यंत्र तेच, सॉफ्टवेअर आणि फिल्टर वेगळा. २०२५ मध्ये ब्रिटनच्या ब्रेड चाचणीत घन स्तनांत नॉर्मल मॅमोनंतरही कॉन्ट्रास्टनं हजारी १९ कर्करोग काढले, कमी वेळाच्या संक्षिप्त एमआरआयनं १७, आपोआप फिरणाऱ्या सोनोग्राफीनं ४. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघावं लागतं, अ‍ॅलर्जीची तयारी हवी. पण एमआरआयचं तीन आठवड्यांचं वेटिंग नाही.

चाकू सुरी

हे माझ्या टेबलावरचं उत्तर झालं. एकच गाठ म्हणून स्तन वाचवायला घेतो आणि शेजारी दुसरी निघते, तेव्हा कपाळ धरतो. आधी उजळून दाखवणार असाल तर मी पेशंट पाठवतो. आणि केमोआधी गाठीत खुणेची क्लिप टाकून द्या प्लीज. केमोनं गाठ विरघळते आणि मग मी काय कापू?

उपकेंद्रवाली

तुमचं सगळं मॅमोपर्यंत पोचलेल्या बायकांचं चाललंय. माझ्या गावांतून किती पोचतात? सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हातानं स्तन तपासणी आहे. तीही 'झाली' म्हणून रकाना भरला जातो, हे मी आतून सांगते. टाटा मेमोरियलनं मुंबईत १९९८ पासून दीड लाख बायकांवर चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी हातानं तपासणी. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. पन्नाशीच्या आत मात्र फरक दिसला नाही, तेही सांगते. यात कोटीचं मशीन कुठेच नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, देशातली पहिली. म्हणजे मोजायला आपण आधी शिकलो. बोलवायला अजून शिकलो नाही.

पांढरा ठिपका

मॅडम, पटलं. पण तुमच्या हाताला लागलेली गाठ शेवटी माझ्याच खोलीत येते, आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांना फरक पडला नाही, नेमक्या त्याच माझ्याकडे जास्त येतात. दोन्ही लागणार.

माझं ठरत आलंय. मशीन टोमो असलेलंच घेतो. पण बायोप्सीची जोडणी त्याच कोटेशनमध्ये, ऑप्शनल नाही. तिचे पैसे बसवायला एआय गाळतो. ते दोन वर्षांनीही मिळेल, तोवर स्वस्तही होईल. कॉन्ट्रास्टसाठी मशीन तयार असावं, सॉफ्टवेअर पुढे बघू. दोन एसी. रिपोर्टच्या खाली घनतेबद्दल तीन ओळी मराठीत, शेंगाचटणी ताईंच्या नावानं. मशीनवाल्याला काल हे सांगितलं तर म्हणाला, "सर, सोलापूरला टोमोवरच्या बायोप्सी महिन्याला किती होणार?" म्हटलं, एक तरी वाट बघतीय.

मुळा मुठा

त्यांना तुमचं मशीन येईपर्यंत थांबवू नका. माझ्याकडे मंगळवारी पाठवा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येऊ देत, पहिला नंबर त्यांचा लावते, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. तपासणीचे पैसे मी बघते. जुने काप आमच्याच सर्व्हरवर असतील, परत काढायला लागणार नाहीत.

पांढरा ठिपका

पाचवा फोन केला. या वेळी मुलीनं उचलला, बारावीला आहे. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, आईबरोबर मी आले तर चालेल का, तिला पुण्यात काही कळत नाही. मंगळवारची दोन तिकिटं काढलीत.